काय द्यायचं ते आधी ठरवा: नव्या बास्केटबॉल कोचसाठी गेम प्लॅन

मी कोच म्हणून पहिला गेम प्लॅन केला तो ७ पानांचा होता. खोटं नाही सांगत, ७ पानं, तीन रंगांची पेनं, बाण, गोल, फुल्या, सगळं रात्री २ पर्यंत जागून केलेलं, आणि सकाळी मॅचच्या आधी पोरांना गोल बसवून ते मी २५ मिनिटं वाचून दाखवलं. पोरं माना हलवत होती, मला वाटलं डोक्यात चाललंय. मॅच सुरू झाली, पहिल्याच मिनिटाला समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे अख्ख्या कोर्टभर अंगावर येऊन अडवायला लागले, आणि माझा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेणारा पोरगा, बॉल हातात धरून माझ्याकडं बघत उभा. "सर, हे कुठल्या पानावर होतं?" असं तो म्हणाला नाही पण तोंडावर तेच होतं. ८ सेकंदांत बॉल हाफ लाइनच्या पुढं न्यायचा असतो, त्यातले ५ त्याचे मला शोधण्यातच गेले. हरलो, किती पॉइंटनं ते विचारू नका.

त्याला आता बरीच वर्षं झाली. शाळेची, कॉलेजची, पेठेतल्या मंडळाची, सगळी पोरं खेळवून झाली, आणि हल्ली नवीन कोच भेटतात, कुणी पीटीचा मास्तर, कुणी कालपरवापर्यंत स्वतः खेळणारा, ते हमखास विचारतात की काही कोच मॅच सुरू व्हायच्या आधीच अर्धी जिंकल्यासारखे कसे येतात. म्हणून हे बैजवार लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, समोरच्याचं सगळं अडवता येत नाही, कुणाच्या बापाला येत नाही, तेव्हा त्याला नेमकं काय द्यायचं, म्हणजे कुठला शॉट मारू द्यायचा, हे जो आधी ठरवतो तो प्लॅनिंगमधला खरा वस्ताद. खालच्या पायऱ्या सगळ्या तिकडंच जातात.

आणि आपल्या कोल्हापुरात हे समजावून सांगायला फार त्रास पडू नये. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती बघायला गेलात तर कडेला बसलेल्या जुन्या वस्तादाकडं बघा, हलगी वाजतीय, पब्लिक उठून ओरडतंय, आणि ह्यांची नजर समोरच्या पैलवानाच्या पायावर. कुठला पाय पुढं टाकतो, दम कधी लागतो, कुठला डाव दोनदा मारला. डाव शिकवला की त्याची तोड पण शिकवायची ही तालमीची पद्धत. बास्केटबॉलमधला गेम प्लॅन यापेक्षा फार वेगळा नाही, फक्त पैलवान पाच आहेत आणि माती नाही.

पायरी १: आधी आपली पोरं मोजा

नवीन कोच आधी समोरच्या टीमकडं बघतो, इथंच गाडी चुकते. अमेरिकेत यूसीएलए या युनिव्हर्सिटीच्या टीमला १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत १० वेळा चॅम्पियन करणारे जॉन वुडन समोरच्या टीमच्या स्काउटिंगला, म्हणजे तिचा खेळ आधी बघून टिपून ठेवायला, फार किंमत द्यायचे नाहीत, त्यांचा सगळा जीव स्वतःच्या प्रॅक्टिसमध्ये, कुठल्या मिनिटाला कुठलं ड्रिल हे छोट्या कार्डावर लिहून आणायचे. आता त्यांच्याकडं देशातली निवडक पोरं होती आणि आपल्याकडं ९ जण, त्यातले दोघं साडेसहाला क्लासला पळणारे, त्यामुळं स्काउटिंग नको असं मी म्हणणार नाही, पण क्रम तोच ठेवा.

एक साधी वही घ्या. प्रत्येक पोराच्या नावापुढं तीनच गोष्टी. डोळे मिटून काय करतो, अंगावर माणूस आला की काय करतो, आणि सलग किती मिनिटं पळतो. फायबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या, नियमात १० मिनिटांचे ४ क्वार्टर असतात, तुमचा सगळ्यात भारी खेळाडू जर १२ मिनिटांनी कमरेवर हात ठेवून उभा राहत असेल तर ४० मिनिटांचा प्रेस तुम्ही कुणाच्या जिवावर लावणार? प्लॅन कागदावर कितीही देखणा असूदे, पोरांना येत नसेल तर तो रांगोळीच.

पायरी २: बघायला जा, आणि बॉलकडं बघू नका

ही पायरी लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्या टीमशी खेळायचंय तिची एक तरी मॅच प्रत्यक्ष बघायची. मायामी हीटचा एरिक स्पोलस्ट्रा, ज्यानं कोच म्हणून २०१२ आणि २०१३ ला एनबीए, म्हणजे अमेरिकेतली प्रो लीग, जिंकली, तो १९९५ ला त्या टीममध्ये लागला तो व्हिडिओ रूममध्ये, म्हणजे मॅचच्या टेप बघायच्या आणि कापायच्या हे काम. कोच झाला २००८ ला. तेवढी वर्षं नुसतं बघण्यात मुरली. आपल्याकडं व्हिडिओ रूम नाही पण मोबाइल सगळ्यांकडं आहे, वरच्या पायरीवर सॅक ठेवायची, तिला टेकवून मोबाइल आडवा लावायचा, अख्खं कोर्ट दिसलं पाहिजे, आणि एका पोराला तिथं राखणीला बसवायचं नाहीतर तिसऱ्या क्वार्टरला कुणाची तरी आई समोर येऊन उभी राहते.

मोबाइल त्याचं काम करतोय तोवर तुम्ही वहीत लिहा. सवय अशी लागलेली असते की डोळे बॉलच्या मागं जातात. बॉल सोडून द्या, तो व्हिडिओत सापडतोच. तुम्ही हे बघा:

प्रत्येक गार्ड कुठल्या हातानं ड्रिबल करतो, आणि डाव्या बाजूला ढकलला की काय होतं. शाळेच्या वयात १० पैकी ७-८ पोरं उजव्या हातालाच चिकटलेली असतात हा माझा अनुभव, ती डावीकडं गेली की मान खाली जाते आणि मान खाली गेली की पास दिसत नाही. ही एवढी एक गोष्ट लिहून आणलीत तरी तुमचं येणं-जाणं वसूल.

प्रेस लागला की घाबरून बॉल कुणाकडं जातो. साइडलाइनवरनं बॉल आत कोण टाकतं. टाइमआउटनंतर पहिला बॉल कुणासाठी ठेवतात, कारण कोचचा खरा विश्वास कुणावर आहे ते तिथं उघडं पडतं. शॉट उडाला की कोण माणूस अडवून रिबाउंडला, म्हणजे चुकून परत येणारा बॉल घ्यायला, उभा राहतो आणि कोण नुसता वर बघत बसतो. बास्केट केल्यावर डिफेन्सला मागं कोण पळत नाही. आणि त्यांचा कोच कुठल्या मिनिटाला कुणाला बदलतो, बरेच कोच अगदी घड्याळासारखे असतात, मी पण होतो, मला ते समोरच्या कोचनं मॅचनंतर हसत हसत सांगितलं तेव्हा कळलं.

मग एका पानावर अर्धं कोर्ट काढा आणि प्रत्येक शॉट तिथं मांडा, गेला तर गोल, चुकला तर फुली, बाजूला खेळाडूचा नंबर. दोन मॅचचं पान भरलं की बघायलाच नको, पान स्वतः बोलायला लागतं. एक कोपरा नुसता फुल्यांनी भरलेला दिसेल. तो कोपरा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

हां, आणि कोर्ट पण बघून या. आपल्याकडं निम्म्या मॅच उघड्यावर सिमेंटच्या कोर्टवर. कुठली रिंग कडक आहे, कुठला बोर्ड लाकडाचा आणि कुठला फायबरचा, दुपारी ४ च्या मॅचला ऊन कुठल्या बाजूनं डोळ्यात येतं, पाऊस पडून गेला असेल तर पाणी कुठं साचतं. एका मैदानावर रिंग इतकी कडक होती की चुकलेला शॉट थेट फ्री थ्रो लाइनच्या बाहेर उडायचा, आम्ही रिबाउंडला सगळे आत घुसून बसलेलो आणि बॉल डोक्यावरनं बाहेर. अर्धा तास आधी जाऊन २० शॉट मारले असते तर कळलं असतं.

पायरी ३: हिशोब करा, काय द्यायचं ठरवा

आता मूळ मुद्दा. घाबरू नका, गणित चौथीचं आहे.

समजा त्यांची पोरं रिंगजवळनं १० लेअप मारतात आणि ६ जातात, म्हणजे १२ पॉइंट, एका शॉटमागं १.२. मधल्या अंतरावरनं १० पैकी ४ जातात, ८ पॉइंट, ०.८. थ्री पॉइंटच्या बाहेरनं, म्हणजे ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरनं, १० पैकी २, म्हणजे ६ पॉइंट, शॉटमागं ०.६. आणि त्यांच्या सेंटरला, म्हणजे रिंगजवळच्या उंच पोराला, फाउल करून दोन फ्री थ्रो दिले आणि तो निम्मे मारतो तर त्याचा भाव झाला १ पॉइंट. बघा की, त्यांनी दिवसभर बाहेरनं थ्री मारले तर आपण पेढे वाटायला पाहिजेत. मग आपली पोरं बाहेर धावत जाऊन अंगावर का पडतात? कारण मोकळा माणूस दिसला की जीव वरखाली होतो. कोचचं काम हे की आधीच सांगायचं, तो मोकळा आहे कारण मी त्याला मोकळा ठेवलाय.

पण उलटं पण लक्षात घ्या, त्यांच्यात एक जरी पोरगा १० पैकी ४ थ्री मारणारा असला तर त्याचा शॉट झाला १.२ चा, म्हणजे लेअपच्या भावाचा. तो द्यायचा नाही. म्हणून सरसकट "थ्री मारू द्या" असं कधी बोलायचं नाही, जर्सीचा नंबर घेऊन बोलायचं, ११ ला द्या, ७ ला देऊ नका.

मोठ्या लेव्हलला पण हेच चालतं. २०१९ च्या एनबीए फायनलला (ती एक मॅच नसते, सिरीज असते) टोरंटो रॅप्टर्सचा कोच निक नर्सनं गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीवर बॉक्स अँड वन लावला, म्हणजे एक माणूस करीच्या अंगाला चिकटून आणि बाकीचे चौघं चौकोनात झोन धरून, म्हणजे माणूस न धरता आपापली जागा राखून. हा डिफेन्स आपल्याकडं शाळेच्या मॅचला दिसतो, एनबीएच्या फायनलला कुणी लावेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या मॅचला केव्हिन ड्युरंट आधीच दुखापतीनं बाहेर, क्ले थॉम्पसन पण मॅचमध्येच लंगडत गेला, मग उरलेल्यांना शॉट दिले तर दिले असा हिशोब. ती मॅच टोरंटो हरलेच, हे सांगायला लोक विसरतात, पण गोल्डन स्टेटचा स्कोअर चौथ्या क्वार्टरला बराच वेळ अडकून पडला, आणि सिरीज टोरंटोनं ४-२ नं घेतली. आता हे वाचून उद्या लगेच बॉक्स अँड वन लावू नका. तो डाव त्या परिस्थितीचा होता, समोर दोन शूटर असले की तो चौकोन फाटतो.

अजून एक हिशोब करून ठेवा, शॉट किती टक्के जातात, बॉल किती वेळा हातातनं जातो, चुकलेल्या शॉटचे रिबाउंड किती परत मिळतात आणि फ्री थ्रो किती मिळतात, या चारांवर जवळजवळ सगळी मॅच ठरते, डीन ऑलिव्हर नावाच्या माणसानं हे चार घटक मांडले आणि आता सगळीकडं तेच वापरतात. शाळेच्या लेव्हलला मी तर म्हणेन की त्यातला बॉल जाणं हाच निम्मा खेळ. आपले २५ बॉल जात असतील तर कुठला झोन लावायचा यावर डोकं फोडण्यात काही अर्थ नाही.

पायरी ४: तीन वाक्यं

सगळं बघितलं, सगळं लिहिलं, आता त्यातलं ९० टक्के पोरांना सांगायचं नाही. जड जातं हे, एवढी मेहनत केलेली असते. पण पोरांना तीनच वाक्यं द्यायची, आणि ती त्यांच्या भाषेत. माझ्या एका मॅचची खरी वाक्यं देतो:

"४ नंबरला डावीकडं ढकला. ११ मारू दे. शॉट उडाला की आधी माणूस अडवा, मग बॉल."

बास. यातलं पहिलं वाक्य काय थांबवायचं, दुसरं काय द्यायचं, तिसरं आपलं काम. "ॲग्रेसिव्ह खेळा", "जीव लावून खेळा" ही वाक्यं नाहीत, ती शाहू स्टेडियमच्या गॅलरीतनं फुटबॉलला पण फुकटात मिळतात. चाचणी सोपी आहे, बसमधनं उतरताना शेवटच्या सबला, म्हणजे बदली पोराला, विचारा तीन वाक्यं काय, त्यानं सांगितली तर प्लॅन पोचला. तो अडखळला तर चूक त्याची नाही.

पायरी ५: प्रॅक्टिसमध्ये समोरची टीम उभी करा

बोलून काही होत नाही. तुमच्या उरलेल्या पोरांना समोरची टीम बनवा, छातीवर खडूनं ४, ७, ११ लिहा, पोरांना लई मजा येते. ४ नंबर झालेल्याला सांगायचं की फक्त उजवीकडनं घुस, ११ झालेल्याला सांगायचं की कोपऱ्यात उभा राहून बोंबलत राहा, "दे दे" म्हणून. मग बघा, सांगून पण तीन वेळा तुमचा पोरगा ११ कडं धावेल. चौथ्यांदा थांबेल. ते थांबणं मॅचला पाहिजे.

दोन दिवस, रोज २० मिनिटं, पुरे होतं. बाकी वेळ नेहमीचं पासिंग, लेअप, पळणं. मॅचच्या आदल्या दिवशी नवीन काही शिकवू नका, अजिबात नाही.

पायरी ६: तोड तयार ठेवा

समोरचा कोच पण जेवण करूनच आलेला असतो. म्हणून प्रत्येक वाक्यापुढं एक "नाहीतर" लिहायचं, आणि ते आकड्यात. ७ नं आपल्या माणसावर सलग ३ बास्केट केले तर दुसरा माणूस लावणार, कोण ते नाव आत्ताच. प्रेसमध्ये आपले सलग २ बॉल गेले तर सेंटरला मध्ये आणून त्याच्या डोक्यावरनं पास. मॅच तापल्यावर डोकं चालत नाही हो, माझं तर नाहीच, म्हणून थंड डोक्यानं लिहिलेलं पान खिशात.

आणि सूचना कुणाकडनंही घ्या. २०१५ च्या फायनलला गोल्डन स्टेट १-२ नं मागं होते तेव्हा निक युरेन नावाच्या स्टाफमधल्या पोरानं आदल्या वर्षीच्या फायनलचे व्हिडिओ बघून सुचवलं की उंच सेंटर बोगट बसवा आणि आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीला उतरवा. हेड कोच स्टीव्ह करनं ऐकलं, पुढच्या तिन्ही मॅच जिंकल्या, आणि फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात भारी खेळाडू, इग्वोडाला. आमच्याकडं स्कोअरशीट लिहिणाऱ्या पोरीनं एकदा सांगितलं होतं, "सर, त्यांचा ९ प्रत्येक वेळी पास द्यायच्या आधी खांदा वळवतो," मी म्हटलं होतं गप लिही. पुढच्या मॅचला तिचं ऐकलं, ५ पास चोरले.

मॅचचा दिवस

पहिला क्वार्टर म्हणजे खडाखडी. हात लावून अंदाज घ्यायचा, वहीतलं खरं आहे का ते तपासायचं, लगेच प्लॅन बदलायचा नाही.

टाइमआउटचा हिशोब पाठ पाहिजे. फायबाच्या नियमाप्रमाणं पहिल्या हाफमध्ये २, दुसऱ्या हाफमध्ये ३, आणि त्या ३ पैकी शेवटच्या २ मिनिटांत जास्तीत जास्त २ च घेता येतात, म्हणजे दुसऱ्या हाफमधला एक आधी वापरला नाही तर तो वाया. पहिल्या हाफचे उरलेले पुढं नेता येत नाहीत. टाइमआउट १ मिनिटाचा, त्यात पोरं पाणी पिऊन बसेपर्यंत २० सेकंद जातात, म्हणून एकच गोष्ट सांगायची आणि ती पाटीवर काढून.

फाउलवर लक्ष ठेवायला एक माणूस वेगळा ठेवा. एका क्वार्टरमध्ये टीमचे ४ फाउल झाले की पुढच्या डिफेन्सच्या फाउलला २ फ्री थ्रो, आणि खेळाडूचे ५ झाले की तो बाहेर. तुमच्या मुख्य पोराचे पहिल्या हाफमध्येच ३ झाले तर त्याला बसवा, त्याचा चेहरा पडेल, बघू नका तिकडं. आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धांत २४ सेकंदांचा शॉट क्लॉक लावलेला नसतो, तसं असेल तर शेवटच्या मिनिटाला आघाडीवर असताना बॉल फिरवत ठेवता येतो, हे मॅचच्या आधी टेबलवर विचारून घ्या.

हाफ टाइमला पहिली ३ मिनिटं पोरांशी बोलूच नका. तुम्ही स्कोअरशीट बघा, त्यांना श्वास घेऊ द्या, मग तीन वाक्यांपैकी कुठलं चाललंय आणि कुठलं नाही एवढंच.

मॅचनंतर

घरी गेल्यावर, जिंकला असाल तरी, वही उघडायची. ज्या मॅचची तीन वाक्यं वर दिली ती आम्ही ३ पॉइंटनं हरलो, आणि हरलो ते ११ मुळंच. ज्याला मी मोकळा सोडलेला, त्यानं ७ थ्री मारले आणि ४ घातले. शेवटचा गेला तेव्हा आमच्या बेंचवरचा पोरगा माझ्याकडं न बघता म्हणाला, "सर, हा तर मारतोय की." पालक पण बोलले, मिसळ खाताना तर अख्ख्या टेबलावर तोच विषय. रात्री मी वही काढली. स्काउटिंगच्या पानावर त्याचे आधीचे १५ पैकी २ होते. आजचे ७ पैकी ४. मिळून २२ पैकी ६, १८ पॉइंट, शॉटमागं ०.८२. त्यांचे लेअप त्या दिवशी पण १.२ च्या आसपासच. पेनानं खाली लिहिलं: ११ ला परत द्यायचं, पण पाय टेकवून उभा राहू द्यायचा नाही, हात वर करून एक पाऊल पुढं.